लहान हॉटेलात आधी खोली निवडा

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,
दोन महिन्यांनी आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. मुलं म्हणाली, एखाद्या मोठ्या शहरात चार रात्री दोघंच राहून या. मला वीस-पंचवीस खोल्यांचं, मन लावून सजवलेलं, मध्यम दराचं छोटं हॉटेल हवंय, ज्याला बुटीक हॉटेल म्हणतात तसं. यांचा ठाम विरोध आहे आणि त्याला कारणही आहे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका हॉटेलात मी हौसेने खोली घेतली होती, तिथली सगळ्यात स्वस्त. फोटो सुरेख होते. प्रत्यक्षात खिडकी उघडली की हातभर अंतरावर भिंत. बाथरूमला दार नाही, नुसती काच. खालच्या बारचा आवाज पहाटे दोनपर्यंत. तीन रात्री मी एक शब्दही बोलले नाही, कारण निवड माझीच होती. आता हे म्हणतात, साखळी हॉटेलात जाऊ, निदान काय मिळणार ते तरी ठाऊक असतं. मी हट्ट करतेय का?
– एक वाचक

उत्तर

नमस्कार,

भिंत, काच, बारचा आवाज, हे सगळं वाचलं. पण मला जास्त लागलं ते तुमचं ‘एक शब्दही बोलले नाही’. खोली बदलून मागायला तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं. निवड आपली होती म्हणून आपणच सोसायचं, असं तुम्ही ठरवलंत, आणि यजमानांनाही तीन रात्री जागवलंत. यावेळी कुठलंही हॉटेल घेतलंत तरी ही एक गोष्ट सोबत नेऊ नका.

आता तुमचा प्रश्न. हट्ट अजिबात नाही. पण यजमानांचं म्हणणंही खरं आहे. साखळी हॉटेलांचं सगळं बळ एकसारखेपणात असतं. तिथे चौथ्या मजल्यावरची खोली आणि सहाव्या मजल्यावरची खोली यांच्यात फार तर दोन मजल्यांचा फरक. लहान हॉटेलात शेजारशेजारच्या दोन खोल्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. मागच्या वेळी तुम्ही हॉटेल निवडलंत. खोली मात्र जी वाट्याला आली ती घेतलीत.

असं का होतं, ते या हॉटेलांच्या जन्मकथेतच आहे. १९७८मध्ये लंडनला अनुश्का हेम्पेल यांनी ब्लेक्स हॉटेल उभं केलं ते व्हिक्टोरियन काळातल्या जुन्या घरांमधून. १९८१मध्ये बिल किम्प्टन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जुन्या इमारती घेऊन त्यांची छोटी हॉटेलं करायला सुरुवात केली. आणि १९८४मध्ये न्यूयॉर्कला स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर यांनी मॉर्गन्स सुरू केलं, तेही आधीच्या एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत. मोठी हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर आणि आपलं म्हणजे बुटीक, निवडक मालाचं छोटं दुकान, ही तुलना त्यांचीच. ‘बुटीक हॉटेल’ हा शब्द रूढ झाला तो तिथून. म्हणजे सुरुवातीपासून ही हॉटेलं बहुतेक वेळा आधीपासून उभ्या असलेल्या जुन्या वास्तूंमध्ये शिरली. राहत्या घराचं हॉटेल करायचं म्हटलं की दिवाणखान्याची एक देखणी, उंच छताची खोली होते आणि मागच्या कोठीचीही एक खोली करावीच लागते. त्या कोठीत रोज रात्री कुणीतरी झोपतं. तीन वर्षांपूर्वी तिथे तुम्ही दोघं झोपलात.

म्हणून माझा पहिला आग्रह: लहान हॉटेलात सगळ्यात खालच्या दराची खोली घेऊ नका. मोठ्या हॉटेलात ती बिनघोर घ्यावी, फार काही बिघडत नाही. लहान हॉटेलात मात्र तो दर बहुतेकदा कमी पडलेल्या जागेचा असतो. चार रात्रींचं तुमचं बजेट ठरलेलं असेल तर थोडं साधं हॉटेल घ्या आणि त्यातली एक पायरी वरची खोली घ्या. नामवंत हॉटेलातली कोठी घेण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं असतं.

‘स्टँडर्ड’, ‘सुपीरियर’, ‘डिलक्स’ या नावांवर मात्र जाऊ नका. त्यांना ठरलेला अर्थ नाही, प्रत्येक हॉटेल आपापल्या सोयीने ती वापरतं. ‘बुटीक’ या शब्दालाही सगळीकडे लागू होणारी व्याख्या नाही. दोनशे खोल्यांचं हॉटेलही स्वतःला तसं म्हणवून घेऊ शकतं. तारांकनातून सोयी कळतात, लिफ्ट आहे का, रिसेप्शन किती वेळ उघडं असतं वगैरे. खिडकीसमोर भिंत आहे हे कुठल्याही ताऱ्यात दिसत नाही. तुम्ही क्षेत्रफळ विचारा. अमेरिकी मापाचा किंग साइजचा पलंग ७६ इंच बाय ८० इंच असतो, म्हणजे एकटा पलंगच सुमारे ४२ चौरस फूट खातो. खोली बाथरूमसकट १५० चौरस फुटांची असेल तर पलंगाभोवती फिरायला किती उरेल ते आपल्या घरातल्या एखाद्या खोलीत टेप धरून पाहा. दोन बॅगा एकाच वेळी जमिनीवर उघडता आल्या पाहिजेत, हा माझा हिशोब. चार रात्री राहायचं तर तेवढं हवंच. आणि पलंग एकसंध आहे की दोन सुटे पलंग जोडून केलेला, हेही विचारा. पंचविसाव्या वाढदिवसाला मधोमध फट नको.

फोटोंबद्दल. हॉटेलचे फोटो वाइड अँगल लेन्सने काढलेले असतात, त्यामुळे छोटी खोली ऐसपैस दिसते. फोटोच्या कडेला असलेली उशी किंवा दिवा ओढून लांबवल्यासारखा दिसला की समजायचं. पण मी फोटोत काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी बघते. लॉबीचे आठ फोटो, गच्चीचे पाच, न्याहारीच्या टेबलाचे सहा, आणि खोलीच्या खिडकीतून बाहेरचा एकही नाही, तर तो विसरून राहिलेला नसतो. पाहुण्यांनी स्वतः काढलेले फोटो शोधा. ते वाकडेतिकडे असतात, पण त्यांत पडदा उघडलेला असतो.

अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे बाजूला ठेवा. मधले, तीन ताऱ्यांचे वाचा. ज्यांना हॉटेल आवडलंय पण एक गोष्ट खटकलीय, ती माणसं नेमकं लिहितात: ‘जिन्याशेजारची खोली, सकाळी सातपासून पावलं’. गेल्या सहा महिन्यांतले अभिप्राय घ्या, कारण लहान हॉटेलात एक चांगला मॅनेजर गेला तरी सगळा कारभार बदलतो. कुणी खोलीचा क्रमांक लिहिला असेल तर टिपून ठेवा. आणि तक्रारीला हॉटेलने काय उत्तर दिलंय तेही बघा. जे हॉटेल पाहुण्याशी चारचौघांत वाद घालतं, ते रात्री अकरा वाजता तुमच्यासाठी खोली बदलणार नाही.

आवाजाकडे थोडं अधिक लक्ष देते, कारण यजमानांचा विरोध बहुधा तिथेच अडकलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपण्याच्या खोलीत रात्री सलग आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा आणि मध्येच येणारा एखादा मोठा आवाज ४५च्या आसपासच थांबावा. खिडकी किंचित उघडी असेल तर ती बाहेरचा आवाज साधारण १५ डेसिबलनेच कमी करते, असं त्याच सूचना धरून चालतात. म्हणजे बाहेरचा आवाज ४५च्या वर गेला की आतले ३० ओलांडले. मोठ्या शहरातला हमरस्ता या हिशोबात बसत नाही. म्हणून रस्त्याच्या विरुद्ध बाजूची, आतल्या चौकाकडची खोली मागतात. पण तिथेही खाली स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट असेल किंवा पहाटे कचऱ्याची गाडी येत असेल तर व्हायचं तेच होतं. ‘वरच्या मजल्यावर द्या’ हेही पुरत नाही. सगळ्यात वर लिफ्टची मोटर, एसीची युनिटं, कधी गच्चीवरचा बार असतो. शेवटच्या मजल्याच्या एक-दोन मजले खाली, लिफ्ट आणि जिन्यापासून दूर, आणि हाउसकीपिंगच्या सामानाच्या खोलीला लागून नसलेली खोली. मी इतक्या तपशिलात मागते आणि मागताना मला आता काही वाटत नाही. ‘शांत खोली द्या’ एवढंच म्हटलं की समोरचा ‘हो’ म्हणतो आणि विसरतो. नेमकं मागितलं की त्याला डोळ्यांपुढे एक-दोन खोल्या आणाव्याच लागतात.

एक गोष्ट यजमानांना आधीच सांगून ठेवा. नव्या जागी पहिल्या रात्री झोप उथळच लागते. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल, त्यांच्या प्रयोगात डावा, गाढ झोपेतही दुसऱ्यापेक्षा जास्त सावध राहतो, बारीक आवाजांना प्रतिसाद देतो. पुढच्या वेळी हा फरक दिसेनासा होतो. तेव्हा पहिल्या सकाळी डोळे चुरचुरत असले तर सगळा दोष हॉटेलवर टाकू नका. मात्र बारचा आवाज पहाटे दोनपर्यंत येत असेल तर तो दोष हॉटेलचाच.

काचेचं बाथरूम. त्यामागेही कारण असतं. बाथरूमला खिडकी नसते, काचेतून खोलीतला उजेड आत जातो आणि छोटी खोली मोठी भासते. कुणाला ते आवडतही असेल. २५ वर्षं एकत्र काढलेल्या जोडप्यालाही टॉयलेटला दार लागतं, हे सांगायला लाजू नका. सरळ विचारा: टॉयलेटला बंद होणारं, आरपार न दिसणारं दार आहे का?

आता विचारायचं कुणाला. बुकिंगच्या संकेतस्थळांवर शोधा, दर बघा, अभिप्राय वाचा, मग हॉटेलला थेट लिहा किंवा फोन करा. ही संकेतस्थळं हॉटेलकडून कमिशन घेतात, ते साधारण १५ टक्क्यांपासून पुढे असतं, आणि वीस खोल्यांच्या हॉटेलला ते जड जातं. थेट आलेल्या पाहुण्याला तोच दर ठेवूनही चांगली खोली किंवा न्याहारी द्यायला ते बऱ्याचदा तयार असतात. मात्र रद्द करण्याच्या अटी लेखी घ्या. संकेतस्थळावर फुकट रद्द होणारी खोली सोडून इथे आगाऊ भरलेले पैसे अडकवू नका. एकूण रकमेत कर, शहराचा पर्यटक कर, सेवा शुल्क सगळं धरलंय का हेही त्याच पत्रात विचारून टाका.

पत्र असं लिहा, हवं तर उचलून पाठवा:

‘आम्ही नवरा-बायको अमुक तारखेपासून चार रात्री येण्याचा विचार करतोय. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. आम्हाला झोपेला शांतता लागते. रस्त्यापासून, लिफ्टपासून आणि बारपासून दूर, खिडकी उघडणारी आणि तिच्यासमोर मोकळी जागा असलेली खोली हवी. टॉयलेटला दार हवं. तुमच्याकडे अशा खोल्या कोणत्या, त्यांचं क्षेत्रफळ किती आणि एका ठरावीक खोलीची खात्री तुम्ही देऊ शकाल का? इमारतीत लिफ्ट आहे का आणि ती आमच्या मजल्यापर्यंत येते का? रात्री रिसेप्शनवर कुणी असतं का?’

यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यायलाच हवं असं नाही, पण उत्तर कसं येतं ते बघा. ‘आपली विनंती नोंदवली आहे, उपलब्धतेनुसार प्रयत्न करू’ एवढंच आलं तर त्या हॉटेलला राम राम करा. ‘आमची तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली तुम्हाला बरी पडेल, फक्त बाथरूममध्ये टब नाही, शॉवर आहे’ असं आलं तर तिथे खोल्या ओळखणारं कुणीतरी बसलंय. लहान हॉटेलात आपण पैसे देतो ते या माणसासाठी. साखळी हॉटेलात ही ओळख मिळणं कठीण, आणि तुम्हाला ज्याची ओढ आहे तेही हेच असावं असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

लिफ्टचा प्रश्न मी मुद्दाम घातला. जुन्या इमारतींत ती नसते, किंवा अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते. एकदा मी आईला घेऊन अशा हॉटेलात गेले होते. तिचे गुडघे दुखरे, खोली चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट तिसऱ्यापर्यंत. मी विचारलंच नव्हतं. रिसेप्शनवरच्या मुलीने आईकडे एकदा पाहिलं, वही उघडली आणि दहा मिनिटांत आम्हाला तळमजल्यावर हलवलं, स्वतः बॅग उचलून. त्या दिवसापासून मी विचारायला शिकले आणि मागायलाही.

तेव्हा मागण्याबद्दल. खोल्या कोणाला कोणत्या द्यायच्या हे बहुतेक ठिकाणी आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी सकाळी ठरतं. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी एक ओळ पाठवून आपल्या खोलीची आठवण करून द्या. पोहोचल्यावर बॅगा दाराशीच ठेवा. पडदा उघडा, खिडकी उघडा, बाथरूम बघा, दोन मिनिटं गप्प उभं राहून कान द्या. गादीच्या शिवणी आणि डोक्याकडची फळी टॉर्चने बघा. ढेकूण असतील तर बारीक काळे ठिपके दिसतात. नको वाटलं तर तेव्हाच, पलंगावर बसण्याआधी खाली जा. वापरलेली खोली पुन्हा तयार करायला त्यांना माणूस लागतो, न वापरलेली बदलून देणं सोपं. ‘या खोलीत आवाज येतोय, दुसरी दाखवाल का?’ एवढंच बोलायचं. रागवायचं नाही, स्पष्टीकरण द्यायचं नाही. त्या रात्री हॉटेल भरलेलं असेल तर उद्यासाठी नाव लावून घ्या आणि कोणत्या वेळी बदलणार ते विचारा.

खोली पक्की झाली की दारापासून आणीबाणीच्या जिन्यापर्यंत किती दारं लागतात तेवढी मोजून ठेवा. धुरात दिसत नाही, हाताने मोजता येतं. जुन्या इमारतीत जिना एकच असेल तर तो कुठे उतरतो हेही बघून या. कार्डावर अनामत रक्कम अडकवतात, ती डेबिट कार्डावर असेल तर परत मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्ड द्या.

साखळी हॉटेल कधी घ्यावं, तेही सांगते, म्हणजे यजमानांना मी एकाच बाजूची वाटायला नको. पहाटे तीनला पोहोचणार असाल, दोघांपैकी कुणाची तब्येत नाजूक असेल, चाकाची खुर्ची लागत असेल, मध्यरात्री खोलीत जेवण मागवायची गरज पडणार असेल, तर मुकाट्याने तिकडे जा. वीस खोल्यांच्या हॉटेलात रात्रपाळीला एकच माणूस असतो, कधी तोही नसतो आणि दाराला नुसता कोड असतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. ‘दोन रात्री इथे, दोन तिथे’ अशी तडजोड मात्र करू नका. बॅगा भरण्यात आणि खोली मिळेपर्यंत ताटकळण्यात अर्धा दिवस जातो, आणि चारच रात्री आहेत.

यजमानांशी बोलताना मागच्या हॉटेलची बाजू घेऊ नका. त्यांना सांगा की मागच्या वेळी मी खिडकीबद्दल विचारलं नव्हतं, यावेळी आपण दोघं विचारू. तीन हॉटेलं तुम्ही निवडा. वरचं पत्र तिन्हींना त्यांच्याकडून जाऊ द्या आणि आलेली उत्तरं दोघांनी शेजारी बसून वाचा. निवड दोघांची झाली की रिसेप्शनवर बोलायचं ओझंही एकटीवर राहत नाही.

आणि खोली आवडली, तर निघताना तिचा क्रमांक लिहून आणा. पुढच्या वेळी हॉटेलचं नाव सांगण्याआधी तोच सांगायचाय.